घाटाला वास नसतो

"घाट आहे, वास येणारच." महाड-पोलादपूर भागात हे वाक्य इतकं सरसकट बोललं जातं की ते खरं आहे का, असं कुणी विचारत नाही. पोलादपूरच्या नाक्यावर ते ऐकू येतं. वरंध घाटात वाघजाईपाशी भजी खायला थांबलेल्या माणसांत ऐकू येतं. आमच्या सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या तोंडूनही ऐकू येतं. गाडीत रबर जळल्यासारखा वास भरलेला असतो, मागच्या सीटवर आजीने नाकाला पदर लावलेला असतो, आणि चालवणारा काच खाली करत सांगतो, काही नाही, घाटाचा वास आहे.

घाटाला वास नसतो. वास गाडीचा असतो, आणि गाडीतला एखादा भाग झेपेल त्यापेक्षा जास्त तापल्याशिवाय तो येत नाही. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे, आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं चालत आलेल्या सल्ल्यांविरुद्धही आहे. उतारावर गाडी न्यूट्रल करा, तापलेल्या चाकांवर पाणी मारा, वास गेला की निघा, आणि गावात पोचल्यावर क्लचप्लेट बदलून टाका. यातला एकही सल्ला कारण विचारत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी हलकं समजत नाही. हे सांगणारी माणसं घाटात वाढलेली आहेत. ट्रकच्या मागून येणारा तापल्या ब्रेक लायनरचा वास त्यांनी आयुष्यभर घेतलाय आणि ते ट्रक बहुतेक वेळा सुखरूप खाली आलेलेही पाहिलेत. तापलेले ब्रेक थंड झाले की पुन्हा लागतात, हे खरं आहे. नवे पॅड किंवा नवी क्लचप्लेट बसवल्यावर सुरुवातीला थोडा वास येतो, कोऱ्या गाडीच्या सायलेन्सरवरचा लेप जळतानाही येतो, आणि तो आपोआप जातो. तेव्हा प्रत्येक वास म्हणजे संकट, असं मी म्हणणार नाही. पण संकट आहे की नाही, हे कारण कळल्यावर ठरतं. कारण न पाहता "येणारच" म्हणणारा माणूस अंदाजावर चालतो, आणि त्या अंदाजावर गाडीतली सगळी माणसं बसलेली असतात.

आंबेनळी घाटाचं साधं गणित मांडतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, पोलादपूर १०० मीटरच्या आत. मधला रस्ता चाळीसेक किलोमीटरचा. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी वरून खाली आली की तिने सव्वा किलोमीटर उंची सोडलेली असते. त्या उंचीत साठलेली ऊर्जा साधारण १८ मेगाज्यूल भरते. तेवढ्या उष्णतेत साठेक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. ही ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. काही वाटा हवेच्या विरोधात आणि टायरमध्ये जातो. उरलेली एक तर इंजिनाने पेलायची, नाहीतर ब्रेकने. तिसरा वाटेकरी नाही.

ब्रेकवर ती सगळी टाकली की काय होतं? पॅड आणि लायनर यांत तंतू, धातूची भुकटी आणि इतर पदार्थ रेझिनने बांधलेले असतात. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे ते रेझिन जळायला लागतं. आपल्या नाकाला जो रबरासारखा वाटतो तो वास याच जळण्याचा असतो. तिथे रबर असेलच असं नाही. निघालेला वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो आणि पकड कमी होते. पेडल पूर्वीइतकंच कडक लागतं, पण गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. म्हणजे वास आणि पकड सुटणं या दोन वेगळ्या घटना नाहीत. ज्या क्षणी वास आला, त्या क्षणी ब्रेकची ताकद उतरायला लागली असं समजावं.

दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण त्याच्या अंगी हवेतला ओलावा शोषून घ्यायचा गुण आहे. डॉट ३ प्रतीचं कोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. महाडसारख्या, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात ते पाणी मुरायला उशीर लागत नाही. तापलेल्या कॅलिपरमध्ये असं ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग पेडल स्पंजासारखं लागतं आणि सरळ तळाला जातं. "ब्रेक फेल झाला" म्हणून आपण जे ऐकतो, त्यातल्या कितीतरी घटनांत एकही सुटा भाग तुटलेला नसतो.

आता न्यूट्रलचा सल्ला. हा सगळ्यांत घातक आहे, आणि तो देणारे काटकसरीच्या नावाने देतात म्हणून अधिक घातक. एके काळी त्यात पैशापुरतं तथ्य होतं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत उतारावर गिअरमध्ये फिरणारं इंजिन पेट्रोल ओढत राहायचं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, पेट्रोल असो की डिझेल, गाडी गिअरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केल्यावर मात्र इंजिन सुरू ठेवण्यासाठी इंधन पुन्हा चालू होतं. म्हणजे न्यूट्रलवाल्याचं इंधन जास्त जातं, आणि वर त्या १८ मेगाज्यूलमधला इंजिनाचा वाटाही त्याने ब्रेकच्या डोक्यावर टाकलेला असतो. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं, आणि चावी मागे फिरवली गेली तर स्टिअरिंगही लॉक होऊ शकतं. याला काटकसर म्हणणाऱ्याशी मी कुठलीही तडजोड करणार नाही.

बरोबर नियमही आपल्याच घाटांत तयार झालेला आहे. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. जुने एसटी आणि ट्रक चालवणारे हेच सांगत आलेत. दुसऱ्या गिअरवर इंजिन घोंघावतं म्हणून घाबरायचं कारण नाही. काटा लाल पट्ट्यात जात नसेल तर इंजिनाला त्याचा काही त्रास नाही. ब्रेक सतत हलका चेपून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठामपणे दाबायचा, वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे डिस्कला वारा लागतो. विजेच्या गाडीतही उतरताना मोटर हेच काम करते, पण बॅटरी वर महाबळेश्वरलाच शंभर टक्के भरून निघालात तर परतीची वीज साठवायला जागा उरत नाही आणि भार पुन्हा ब्रेकवर येतो. तिथून निघताना बॅटरी थोडी रिकामी ठेवा.

चाकांवर पाणी मारण्याबद्दल थोडक्यात. तीन-चारशे अंशांच्या ओतीव लोखंडावर थंड पाणी पडलं की ते सगळीकडून सारखं आकसत नाही. डिस्क वाकडी होते किंवा तिला तडे जातात. पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस म्हणतो गाडी जुनी झाली. ट्रकवाले ड्रमवर पाणी सोडतात हा दाखला इथे चालत नाही. ते ड्रमही त्याने तडकतातच, आणि मोटारीची पातळ डिस्क तर त्याहून नाजूक.

थांबायच्या सल्ल्याला मात्र माझा पाठिंबा आहे. फक्त तो अर्धवट दिला जातो. कुठे थांबायचं? वळणावर नाही, पावसाळ्यात दरडीखाली तर मुळीच नाही, आणि उन्हाळ्यात वाळल्या गवतावर नाही. पोलादपूरच्या डोंगरांत फेब्रुवारीनंतर वणवे लागतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. तापलेला सायलेन्सर गवताला टेकला की आणखी एका वणव्याची सोय होते. शक्यतो सपाट, मोकळी जागा बघावी. मागची चाकं फार तापलेली असतील तर हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. अर्धा तास तरी द्यावा. आणि एक गोष्ट जवळजवळ कुणीच सांगत नाही. गाडी थांबली की वारा थांबतो आणि डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये, तिथून ऑइलमध्ये शिरते. त्यामुळे थांबल्यावर पहिली काही मिनिटं ऑइल अधिकच तापतं. दोन मिनिटं थांबून, वास कमी झाला म्हणून निघणारा माणूस नेमक्या वाईट वेळी निघतो. निघण्यापूर्वी इंजिन सुरू करून पेडल दाबून पाहा. मऊ लागलं किंवा नेहमीपेक्षा खाली गेलं तर तिथून गाडी हलवू नका, टोइंगला फोन करा.

त्या अर्ध्या तासात करायचं खरं काम वेगळंच आहे, आणि माझा सगळा आग्रह त्याच्यासाठी आहे. कारण शोधायचं. त्याला हत्यारं लागत नाहीत.

पहिला प्रश्न, वास आपला आहे का? पुढे भरलेला ट्रक उतरत असेल तर त्याच्या लायनरचा वास आपल्या एसीतून आत येतो. बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरती ठेवा, ट्रकला पुढे जाऊ द्या. वास गेला तर तो त्याचा होता.

दुसरा प्रश्न, वास केव्हा आला? या एका प्रश्नाने निम्मं काम होतं, आणि गॅरेजमध्ये तोच विचारला जात नाही. उतारावर आला तर आधी ब्रेक बघा. चढावर, ट्रॅफिकमध्ये सरकताना किंवा गाडी रिव्हर्स घेऊन वर चढवताना आला तर क्लच. एसी लावल्यावर किंवा गाडी सुरू करताना चीं असा आवाज होऊन आला तर बेल्ट. खड्ड्यात आपटल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आला तर टायर कुठेतरी घासतोय. आणि गाडी नुसती उभी असतानाही येत राहिला तर बॉनेटखाली किंवा सायलेन्सरवर काहीतरी जळतंय. तेव्हा इंजिन बंद करून माणसं आधी खाली उतरवायची.

ब्रेकचा संशय असेल तर चारही चाकांजवळ हाताचा तळवा धरा. हात लावू नका, नुसती धग घ्या. पुढची दोन्ही चाकं सारखी तापलेली असतील तर दोष बहुधा चालवण्याचा, गिअर न वापरल्याचा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच तापलं असेल तर तिथला कॅलिपर जाम आहे, मग घाट असो वा सपाट रस्ता. मागची दोन्ही तापली असतील तर हँडब्रेक पूर्ण सुटलेला नाही किंवा त्याची केबल गंजून अडकते आहे. कोकणात चिखल आणि पाणी चार महिने चाकांत जातं, कॅलिपरच्या पिनांवरची रबरी टोपी फाटलेली असली की पिना गंजतात, पॅड डिस्कला चिकटून राहतो. उपाय स्वस्त आहे. पिना काढून साफ करायच्या, ब्रेकसाठी असलेलंच ग्रीस लावायचं, टोप्या नव्या घालायच्या, आणि चाक जॅकवर उचलून हाताने मोकळं फिरतं का ते आपल्यासमोर पाहायचं. पिस्टनच अडकला असेल तर सील किट लागेल. गंज खोल गेला असेल तर कॅलिपर बदलावा लागेल. पण हे पाहून ठरवायचं.

क्लचचं जळणं वेगळं. क्लचप्लेटच्या अस्तरातही रेझिनच असतं, म्हणून वास जवळजवळ सारखाच, थोडा जळक्या कागदाकडे झुकणारा. मे महिन्यात आणि डिसेंबरच्या अखेरीस आंबेनळीत गाड्यांची रांग लागते. चढावर पुढची गाडी थांबते, आणि आपला माणूस ब्रेक न लावता अर्धा क्लच आणि ॲक्सिलरेटर यांच्यावर गाडी तोलून धरतो. त्याला ते कौशल्य वाटतं. त्या वेळी इंजिनाची सगळी ताकद प्लेटच्या घासण्यात जात असते. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय काढा. निघताना क्लच पकडू लागला की ॲक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडा. उतारावर मी ज्याला विरोध केला तो न्यूट्रल इथे, उभ्या गाडीत, योग्य आहे.

"माझी ऑटोमॅटिक आहे, तिचा क्लच जळत नाही," हेही आता वारंवार ऐकू येतं. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या आल्या. त्यांतल्या बऱ्याचशा एएमटी आहेत, म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचाच, तो दाबायला फक्त पायाऐवजी यंत्र. चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर अशी गाडी धरून ठेवली तर तिचा क्लच तसाच जळतो, आणि पायाला पेडलच नसल्यामुळे ते कळतही उशिरा. कोरड्या क्लचच्या डीसीटीचं, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकचंही हेच. ब्रेकने धरा.

क्लच खरोखर गेलाय की नुसता तापला, हे ठरवायची सोपी खूण आहे. गाडी थंड झाल्यावर सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, असं झालं तर प्लेट स्लिप होते आहे. वेग बरोबर चढत असेल आणि वास पुन्हा येत नसेल तर प्लेट अजून चालेल. चालवण्याची सवय बदला. स्लिप होत असेल तरी आधी पेडलला थोडी मोकळी चाल आहे का ते पाहा. केबल ताणून बसवली असेल तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो आणि नवी प्लेटही तशीच जळेल. इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल प्लेटवर येत असेल तर सील न बदलता प्लेट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

इथे माझा राग लपवणार नाही. माझ्या आत्येभावाची गाडी आंबेनळी उतरून आली तेव्हा तिला असाच वास येत होता. एका गॅरेजमध्ये त्याला सांगितलं, घाटाची गाडी, क्लचप्लेट गेली. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं बदललं, काही हजारांचं बिल झालं. पुढच्या वेळी उतारावर तोच वास. पुढचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं होतं आणि कॅलिपरची खालची पिन हलत नव्हती. वास उतारावर येतोय, हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. उतारावर, गिअरमध्ये, पाय काढलेला असताना क्लच जळायचं काही कारणच नाही. एवढा विचार कुणी केला असता तर त्याचे पैसे वाचले असते. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही की मधल्या काळात तो जाम ब्रेक घेऊन घरच्यांसकट घाट चढत-उतरत होता, मनात मात्र दुरुस्ती झाल्याचं समाधान. न शोधता केलेली दुरुस्ती म्हणून न केलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट. तिच्यामुळे माणूस सावध राहायचं सोडतो.

बाकीची कारणं घाटाशी संबंध नसलेली, पण आपल्या रस्त्यांशी आणि ऋतूंशी पक्का संबंध असलेली आहेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांत चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिक लायनिंग सुटतं आणि टायरला घासतं. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो ती तुटतात. गणपतीला डिकी भरून, टपावर सामान बांधून, मागे चौघं बसवून गाडी निघते, तेव्हा मागची स्प्रिंग दबते आणि टायर कमानीला लागतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याच्या बाजूच्या भिंती दर फेऱ्यात दुमडून तापतात. इथे मात्र खरोखर रबरच जळत असतं. टायरच्या खांद्यावर किंवा कमानीच्या आत चकचकीत घासल्याची खूण दिसते, ती हात घालून शोधावी.

महामार्गावर उडणारी प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून वितळते. वास भयंकर, दोष काहीच नाही, गाडी थंड झाल्यावर खरवडून काढायची. ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट फाटला की आतलं ग्रीस तापलेल्या सायलेन्सरवर किंवा डिस्कवर फेकलं जातं. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग गळलं की ऑइल गरम नळ्यांवर पडून निळसर धूर येतो. फॅनबेल्टला तडे गेले असतील किंवा तो आरशासारखा गुळगुळीत झाला असेल तर तो घसरतो आणि जळतो; पण बेल्ट बदलण्याआधी इंजिन बंद करून, बेल्ट सैल करून, डायनामो आणि एसीची पुली हाताने फिरवून घ्यायला सांगा. बेअरिंग जाम असेल तर नवा बेल्टही जळेल. भातकापणीनंतर खळ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर पेंढा नेऊन इंजिनावर घर करतात आणि वायरी कुरतडतात. तो वास प्लास्टिकचा, उग्र, डोळ्यांना झोंबणारा. त्यासाठी थांबायला अर्धा क्षणही दवडू नये.

पुराचं वेगळं सांगायला हवं. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडालं आणि त्याबरोबर दारात उभ्या असलेल्या गाड्याही. अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात, हातोहात विकल्याही जातात. गाळ डायनामोच्या बेअरिंगमध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये, वायरींच्या जोडांमध्ये बसलेला असतो आणि त्याचा परिणाम कधी वर्ष-दोन वर्षांनी दिसतो. आमच्या भागात जुनी गाडी घेणाऱ्याने सीटखालचा गालिचा उचलून आणि फ्यूजबॉक्स उघडून गाळाच्या रेषा पाहाव्यात. अशा गाडीला वास आला तर "घाट आहे" हे उत्तर कुणी देऊच नये.

"कशेडीला बोगदा झाला, आता कसला घाट?" असंही मला ऐकवलं जातं. २०२३ च्या गणेशोत्सवात हलक्या गाड्यांसाठी त्या बोगद्याची एक बाजू खुली झाली तेव्हा मलाही आनंद झाला. पण बोगदा खेडकडे जाणाऱ्यांसाठी आहे. महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळीतूनच जातो, भोरकडे जाणारा वरंधमधूनच.

"लोकांना घाबरवू नका" हा शेवटचा आक्षेप. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीत दरीत कोसळली आणि सुमारे तीस माणसं गेली. ती बस महाबळेश्वरकडे, म्हणजे चढावर निघालेली होती. तिला तापलेल्या ब्रेकच्या चर्चेत मी ओढणार नाही, इतरांनीही ओढू नये. तिची आठवण मी करतो ती एवढ्यासाठी की या रस्त्यावर चूक सावरायला किती जागा असते, हे त्या दिवशी सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. भीती घालायची असती तर मी अपघातांची यादी दिली असती. मी दिलीय ती चाकाजवळ तळवा धरायची युक्ती, आणि ती कळलेला माणूस घाटात अधिक निवांत गाडी चालवतो.

मेकॅनिकचं काम मेकॅनिकला करू द्यावं, हे मलाही मान्य आहे. कॅलिपर तुम्ही स्वतः खोलू नका, ब्रेकशी घरच्या घरी खेळू नका. पण वास केव्हा आला, कोणतं चाक तापलं होतं, पेडल कसं लागत होतं, एसी चालू होता का, हे फक्त गाडीत बसलेला माणूस सांगू शकतो. ते कागदावर लिहून न्या. न विचारता थेट भाग बदलायला निघालेल्या गॅरेजमधून गाडी परत घ्या. आणि आपल्या पोलादपूर, महाडच्या गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे: तुमच्याकडे येणारी गाडी बहुतेक वेळा पुन्हा घाटातच जाणार असते. चाक जॅकवर उचलून, फिरवून, गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय तिला पाठवू नका.

गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गाड्या पुन्हा इथे येतील. घरून निघण्यापूर्वी सर्व्हिसच्या नोंदींत ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते पाहा. दोन वर्षं उलटून गेली असतील, किंवा तशी नोंदच नसेल, तर आधी ते बदलून घ्या आणि मग घाटाला लागा.